कमान

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. त्यात मी तिसरे कलम घालू इच्छितो: शिडाच्या होडीवर कमान पाहावी उभारून!

माझी होडी 32 फुटांची. दिवे, रेडिओ, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र यांना लांबच्या सफरीत दिवसाकाठी 12 व्होल्टची 50 अँपिअर-तास वीज लागते. इंजिनाची घरघर टाळायची, तर सूर्याला शरण जायला हवे. पण होडीवर जिथे तिथे शिडाची नाही तर दोरांची सावली; आणि सौर तक्त्याचा कोपरा जरी सावलीत गेला, तरी सगळा तक्ता रुसून बसतो. म्हणून होडीच्या मागच्या टोकावर, डोक्याच्याही वर, नळ्यांची कमान उभारून तिच्या पाठीवर तक्ते बसवतात. तयार कमानीची किंमत ऐकली आणि मी ठरवले, ही आपणच करायची.

पावसाळ्यात होडी मांडवीकाठी जमिनीवर घेतली होती. आधी बांबूचा नमुना बांधला. शिडाची आडवी काठी कमानीला लागते का, सुकाणूशी उभे राहिले की कपाळमोक्ष होतो का, हे सारे त्याने फुकटात सांगितले. मी खुशीत होतो. तेवढ्यात शेजारच्या होडीची राखण करणारे मालवणकडचे म्हातारे तांडेल आले. त्यांनी नमुन्याचा माथा बाजूने ढकलला. कमान डुलली.

"बांबू आहे, मामा. खरी कमान पोलादाची होणार!" मी म्हणालो.

"बांबू काय सांगता ता आयका," ते म्हणाले आणि चालू लागले.

मी ऐकले नाही. आराखड्यातल्या दोन तिरप्या नळ्या मी नुकत्याच खोडल्या होत्या. त्यांनी होडीची मागची रेषा बिघडत होती ना! 316 जातीच्या स्टेनलेसची 32 मिलिमीटर व्यासाची 12 मीटर नळी आणली. तिचेच वजन 18 किलो. त्यावर 7-7 किलोंचे दोन तक्ते आणि हौसेची एक पवनचक्की. आर्गन वेल्डिंगवाल्याने दोनदा विचारले, "तिरपं काहीच नको?" मी ऐटीत मान हलवली.

डिसेंबरात उत्तरेकडे निघालो. दुपारी खारा वारा वाढला. होडी कलंडून परतू लागली की कमान क्षणभर मागे राही आणि मग हिसक्याने तिच्यामागे जाई. खालून पत्नीची हाक आली, "अहो, बिछान्यावर पाणी ठिबकतंय!" कमानीचे बोल्ट आपली भोके सैल करीत होते. उद्या डेकच उचकटला तर? दोन्ही बाजूंनी दोर आवळून कमान जखडली आणि मुकाट्याने होडी परत फिरवली.

त्या रात्री झोप आली नाही. बांबू जाऊन पोलाद आले, तरी चौकोन तो चौकोनच. बाजूने ढकलले की तो तिरका होणारच. त्रिकोण होत नाही. आणि डेकवर जे ओझे निमूट बसते, तेच दोन मीटर उंच नेले की प्रत्येक झोक्याला व्याज मागते. हे शाळेतल्या भूमितीत मला येत होते. हौसेपुढे आठवले नाही, इतकेच.

पवनचक्की उतरवली. तिरप्या नळ्या बसवल्या. डेकखाली रुंद पाट्या घालून बोल्ट नव्याने आवळले. मागची रेषा बिघडली ती बिघडलीच.

मामा पुन्हा आले. धक्क्यावरून वाकून त्यांनी कमान ढकलली. या खेपेस कमान हलली नाही. पाण्यावरची अख्खी होडी हलली.

"आता बरी झाली," मामा म्हणाले.