दिंद्रुडचे भ्रमरक

कपाळावर रुळणाऱ्या केसांच्या वेटोळ्यांना अमरकोशात 'भ्रमरक' असा एक गोड शब्द आहे. कमळाभोवती भुंगे घोटाळावेत तसे ते मुखाभोवती घोटाळतात, म्हणून हे नाव पडले असावे. हा शब्द मी वर्गात किती वर्षे शिकवीत आले आहे! पण तो प्रत्यक्ष पाहिला, तो गेल्या दसऱ्याच्या सुमारास, दिंद्रुडला.

दिंद्रुड हे बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले गाव. आमच्या महाविद्यालयातून एम. ए. झालेली एक मुलगी तिथली. तिच्या आग्रहावरून माजलगावहून मी एस. टी. धरली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, मधूनच उसाचा हिरवा पट्टा. हे दिवस इकडे मोठ्या लगबगीचे. दसरा-दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'एक कोयता' म्हणतात. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव द्यावे, यातच सारे आले! मुकादमाची उचल घेतली की पाच-सहा महिने घर बंद; नाहीतर घरात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले.

अशाच एका कोयत्याच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. अकरा वर्षांची मुलगी आईपुढे पाठमोरी बसली होती. तिचे केस नुसते कुरळे नव्हते; पेनातल्या स्प्रिंगसारखी त्यांची बारीक, घट्ट वेटोळी होती. ओले असताना खांद्यापर्यंत येणारे केस वाळले की कानाच्या वर जाऊन बसत. शाळेला हव्यात लाल फितींच्या दोन वेण्या. म्हणून पहिलीपासून या केसांवर तेल थापून, फणीने ओढून, त्यांना चापूनचोपून बसवण्याचा उद्योग चालला होता. परिणाम दिसतच होता. दोन्ही कानशिलांवरचे केस विरळ झाले होते आणि केसांची रेषा बोटभर मागे सरकली होती. सतत ताण पडला की मुळे दुखावतात; पुष्कळ वर्षे तसेच चालले, तर तिथे पुन्हा केस येत नाहीत.

"कंगवे मोडले बाई, पण केस काय वळले न्हाईत," आई म्हणाली. "मग हल्याळला एकीनं दावलं."

हल्याळ उत्तर कन्नड जिल्ह्यात. तिथल्या उसाच्या फडावर असताना हिची एका सिद्दी बाईशी ओळख झाली. सिद्दी म्हटले की मराठी वाचकाला जंजिराच आठवतो. फार तर खुलताबादला कबरीत विसावलेला मलिक अंबर. पण हल्याळ-यल्लापूरच्या रानातले सिद्दी वेगळे. त्यांचे आफ्रिकी पूर्वज बहुतांशी गोव्याच्या पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आणलेले. त्यांची कोंकणी मराठीला इतकी जवळची, की दोघींना दुभाष्या लागला नाही. त्या बाईने आपल्या लेकीचे केस विंचरताना हिला जवळ बसवून घेतले.

युक्ती साधी आहे. असे केस कोरडे विंचरायचे नाहीत. टाळूचे तेल सरळ केसावरून खाली ओघळते; वेटोळ्यांतून ते शेंड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून हे केस मुळातच कोरडे नि ठिसूळ. ते आधी पाण्याने भिजवायचे, लहान लहान भाग करायचे, बोटांनी गुंता सोडवायचा आणि मग रुंद दातांचा कंगवा शेंड्याकडून मुळाकडे सरकवीत न्यायचा. आपण सगळ्या नेमके उलटे करतो.

राहिले कपाळाच्या कडेचे आखूड केस. अमेरिकेतल्या कृष्णवर्णी स्त्रिया त्यांना 'एजेस' म्हणतात नि ते बसवणे ही त्यांच्यात एक कलाच आहे. 1925 मध्ये पॅरिसला गेलेल्या जोसेफीन बेकर या नर्तकीच्या छायाचित्रांत कपाळावर चिकटवलेली तिची वेटोळी पाहण्यासारखी आहेत. हे केस बसवायला बाजारी लेप मिळतात. पण माझ्या विद्यार्थिनीने त्याच स्त्रियांचा एक घरगुती लेप मोबाईलवर शोधून काढला होता. तो जवसाचा!

"जवस? चटणीचं?" आजी कपाळाला हात लावून हसल्या.

मूठभर जवस आणि त्याच्या सात-आठपट पाणी मंद आचेवर उकळले. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटताच ते धोतराच्या फडक्यातून गरमच गाळले. निवले की मग गळत नाही. लेप थंड झाल्यावर आईने बोटाने कडेला लावला आणि दात घासायच्या मऊ, नव्या ब्रशाने एकेक बट हलकेच वळवून कपाळावर टेकवली. कानशिलांना मात्र तिने हातही लावला नाही. वरून पंधरा मिनिटे सुती पट्टी बांधली. ती सोडली तेव्हा अमरकोशातले भ्रमरक माझ्यासमोर बसले होते. मुलगी आरशापुढून हलेना.

मी ज्याला शोभा म्हणत होते, त्यात आईला मात्र वेगळीच काळजी होती. चार दिवसांनी ट्रक येणार होता. मग आजीला कसे जमणार? आजींचा हात जड. वेणी म्हणजे ओढायचीच, हा त्यांचा साठ वर्षांचा धर्म. त्यांना दोनदा बसवून शिकवावे लागले. दुसऱ्या खेपेला नात "आजी, ओढू नको," म्हणाली तेव्हा त्या रागावल्या. पण हात सैल पडला खरा. शाळेतल्या बाईंना, वेण्या सैल असल्या तरी चालवून घ्या, असे सांगायचे काम माझ्या विद्यार्थिनीने पत्करले.

घरात फ्रीज नाही, आणि लेप दोन दिवसांत आंबतो. म्हणून आठवड्यातून दोनदा ताजा करायचा, असे ठरले. आईने पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि जवसाच्या मुठी मोजून टाकायला सुरुवात केली. पाच महिन्यांच्या चाळीस मुठी. मुलगी मोठ्याने मोजत होती. चाळीस झाल्यावर आईने आणखी दोन टाकल्या आणि म्हणाली, "ह्या चटणीच्या."