आधी कटर, मग मशीन

चि. मुक्ता,


तू पाठवलेली तिन्ही सीएनसी मशीनची माहितीपत्रकं वाचली. तिन्हींच्या पहिल्या पानावर बेड केवढा, मोटर किती वॅटची आणि मशीन लाकडात किती झपाट्यानं चालतं, एवढंच ठळक छापलंय. तुझ्या पूल क्यूमधल्या शिंपल्याच्या जडावकामासाठी, म्हणजे इनलेसाठी, यातलं फारसं काही कामाचं नाही. उभा जन्म भोसरीच्या टूलरूममध्ये काढलेल्या मामाला विचारलंस, तर उत्तरही टूलरूमचंच येणार. आधी कटर ठरव, मग त्या कटरला सांभाळील असं मशीन शोध.

कटर केवढा, ते तुझी नक्षी सांगते. गोल फिरणाऱ्या हत्याराला आतला कोपरा टोकदार काढता येत नाही. निदान स्वतःच्या त्रिज्येएवढी गोलाई ते मागे ठेवतंच. १/८ इंची कटर लावलास तर तुझ्या नक्षीतल्या पानांच्या प्रत्येक टोकाशी दीड मिमीहून जास्त गोलाई राहील आणि ती टेबलाच्या पलीकडून दिसेल. ०.५ मिमीचा लावलास तर पाव मिमी. तेवढी डोळ्याला चालते, नाहीतर बारीक पटाशीनं कोपरा साफ करता येतो.

इथल्या स्नूकरवाल्यांची क्यू बहुधा साधी, अॅश आणि एबनीची. तुमच्या अमेरिकन पूल क्यू मला मांडवात उभ्या नवरदेवासारख्या वाटतात. पण त्या थाटातही जाणकार आधी पॉइंटचं, म्हणजे हँडलकडून पुढे निमुळत्या जाणाऱ्या लाकडी पट्ट्यांचं, टोक बघतो. जुन्या पद्धतीत निमुळत्या लाकडात व्ही आकाराची खाच काढतात. लाकूडच निमुळतं असल्यानं खाच आपोआप संपत जाते आणि टोक सुईसारखं येतं. गोलसर टोक दिसलं की पॉइंट बहुधा सीएनसीवर काढलेत असं समजायचं. म्हणून पॉइंटच्या नादी तू लागू नकोस. ‘द कलर ऑफ मनी’ या १९८६ च्या सिनेमानं ज्याचं नाव घरोघरी पोचवलं, तो क्यू बनवणारा जॉर्ज बालाबुश्कासुद्धा पॉइंटचे ब्लँक, म्हणजे पॉइंट बसवलेले कच्चे दांडे, बाहेरून घ्यायचा: आधी ब्रन्सविकचे टायटलिस्ट, पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी यांच्याकडचे. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही, तुलाही वाटायला नको. ब्लँक विकत घे आणि मशीन फक्त इनलेला ठेव.

इनले पूर्वी पँटोग्राफवर व्हायचे. गॉर्टनची ती जुनी मशीनं अमेरिकेत बऱ्याच क्यू बनवणाऱ्यांनी वापरली. साचा चौपट मोठा करायचा, त्याच्या कडेवरून सुई फिरवायची. हात अर्धा मिमी चुकला तर लाकडात चूक चौथाईच उतरायची. सीएनसीत ही सवलत नाही. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये जेवढी ढिलाई, तेवढी सगळी जॉबवर उतरते.

आता तुझं सर्वांत स्वस्त मशीन, ते ३०१८. नावातच बेडचं माप आहे, ३० बाय १८ सेंमी. अशा मशीनवर बहुतेक वेळा छोट्या डीसी मोटरच्या दांड्यावर कटर धरणाऱ्या कोलेटचा तुकडा बारीक स्क्रूनं आवळलेला असतो. स्क्रू एका बाजूनं दाबतो, कोलेट दुसरीकडे सरकतं, आणि कटर मध्यावर न फिरता भोवताली घुमायला लागतो. हा रनआउट ०.०३ मिमी निघाला तर मोठ्या कटरला त्याचं काही वाटणार नाही. पण ०.५ मिमीच्या कटरचा एक दात एका फेऱ्यात जेमतेम ०.००५ मिमी खातो. मग एकच दात सगळं काम करतो, दुसरा हवेत फिरतो, आणि पहिल्याच शिंपल्यात कटर मोडतो. लोक शिंपल्याला दोष देतात. हे मशीन माझ्या यादीतून गेलं. नुसतं प्रोग्रॅमिंग शिकायला ते घेतलंस तर हरकत नाही.

उरली दोन. नोमॅड बंद पेटीतलं आहे: २४,००० आरपीएम, कामाची जागा ८ इंच चौरस. शेरलाइनची छोटी मिल उघड्या अंगाची, पण तिचं नेहमीचं स्पिंडल २,८०० पर्यंतच जातं. हा फरक साधा नाही. ०.५ मिमी कटरचा कापवेग २,८०० वर मिनिटाला साडेचार मीटरच्या आत राहतो, २४,००० वर तो ३७ मीटरच्या पुढे जातो. फीडचंही तसंच. दोन दातांचा कटर, दर दाताला ०.००५ मिमी, म्हणजे एकीकडे मिनिटाला २८ मिमी आणि दुसरीकडे २४०. मंद मशीनवर घाई करून फीड वाढवलास की कटर गेलाच.

एवढ्यावर नोमॅडकडे बोट दाखवावंसं वाटतं, पण मी दाखवणार नाही. तुझं निम्मं काम दुरुस्तीचं आहे. गिऱ्हाईक क्यू आणून देतं तेव्हा तिचा मागचा भाग अखंड असतो, साधारण २९ इंच लांब. एक इनले उखडला म्हणून तो भाग कापून पेटीत बसवता येत नाही. उघड्या मशीनवर मात्र जॉब दोन्ही बाजूंना बाहेर लोंबला तरी चालतो. खाली आधार दिला की झालं. टेबल सरकतं किती आणि मशीनच्या पोटात मावतं किती, ही दोन मापं वेगवेगळी आहेत आणि क्यूच्या बाबतीत दुसरं माप जास्त महत्त्वाचं. म्हणून मी उघड्या अंगाची मिल घेईन आणि तिच्या कॉलमवर वेगळं जलद स्पिंडल बसवीन. खर्च वाढेल. सोबत फिरता अॅक्सिस आणि टेलस्टॉक घे. हँडल निमुळतं असतं, तेव्हा बारीक बाजूचं सेंटर दोन टोकांच्या व्यासातल्या फरकाच्या निम्म्यानं उचल, म्हणजे वरची रेघ कटरच्या चालीला समांतर राहील.

आता तुझ्या नक्षीकडे येतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे. तू शिंपल्याचं सलग १२ मिमी रुंद पान काढलंयस. हँडलचा व्यास तिथे ३० मिमी धर. गोलाईमुळे पानाच्या कडा मध्यापेक्षा १.२५ मिमी खाली जातात. गिटारवाल्यांसाठी मिळणाऱ्या शिंपल्याच्या चपट्या चकत्या साधारण १.३ ते १.५ मिमी जाडीच्या. १.३ ची घेतलीस तर लेथवर सारखं केल्यावर कडेला ०.०५ मिमी शिंपला उरेल. तो टिकणारच नाही. तेच पान मधल्या शिरेवर दुभंगून ६ मिमीचे दोन भाग कर आणि दोन्ही खाचा हँडल थोडं फिरवून वेगवेगळ्या काढ. मग कडा फक्त ०.३ मिमी खाली जाते आणि शिंपला एक मिमीभर उरतो. शीर काळ्या इपॉक्सीची झाली तर नक्षीला शोभेलच. कुठलंही महागडं मशीन ही अडचण सोडवणार नाही. आणि खोली मोजताना शेवटचा व्यास धर. इनले बसल्यावर लाकूड पुन्हा उतरवायचं असतं, हे विसरून काढलेली खाच उथळ पडते.

पैसे भरण्याआधी विकणाऱ्याकडून एक नमुना कापून माग. मेपलच्या फळीत १० मिमीची चौकोनी खाच, तेवढीच गोल खाच, आणि दोन्हींत बसणारे तुकडे. चौकोनी तुकडा चारही बाजूंनी फिरवून बसव. एका बाजूनं बसला पण पाव फेरा फिरवल्यावर बसेना, तर अॅक्सिस काटकोनात नाहीत किंवा एक अॅक्सिस दुसऱ्यापेक्षा ढिला आहे. गोल खाचेवर डावी-उजवी, वर-खाली अशा चार जागी चपटेपणा किंवा बारीकशी पायरी दिसली, तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रूची ढिलाई. दिशा बदलते तिथेच तो पकडला जातो. नमुना एबनीत देतो म्हणाले तर नाही म्हण. एबनीत काळ्या इपॉक्सीखाली सगळी पापं झाकली जातात, बर्ड्स-आय मेपलमध्ये एकही नाही.

शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट. चांगला मास्क लाव, कटरपाशीच धूळ ओढून घे, शक्य तिथे पाणी वापर. कोकोबोलो लाकडाची धूळ पुष्कळांच्या अंगावर उठते, तुला तर लहानपणापासून पुरळाची खोड आहे. आणि जुनं हस्तिदंत कुणी स्वस्तात देऊ केलं तर हात लावू नकोस. २०१६ पासून तुमच्याकडे अमेरिकेत आफ्रिकन हत्तीच्या दंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे.

नमुन्याचे फोटो पाठवताना शेजारी व्हर्नियर ठेव. आणि पानांची नवी नक्षी मिमीमध्ये पाठव. इंचाचा हिशेब करायला माझी हरकत नाही, पण तुझ्या मामीला वाटतं मी पुन्हा कामावर जायला लागलोय.

तुझा,
मामा