सुईनंतरचे काम

खांदा आखडला की वेदनेइतकेच परावलंबनही सलते. आमच्या खंडाळ्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यातील खंडाळ्यात, माझ्या सासूबाईंना स्वतःचा अंबाडा घालणे अशक्य झाले. मधुमेहींमध्ये अधिक आढळणारा ‘फ्रोझन शोल्डर’ असे निदान झाले. डॉक्टरांच्या संमतीने आम्ही खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्यास ॲक्युपंक्चरसाठी जाऊ लागलो.

ही विद्या चीनची. तरी तिचा धागा सोलापूरशी जुळतो. १९३८ साली तेथील डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५९ मध्ये ती भारतात आणली. जर्मनीतील ४२४ रुग्णांच्या अभ्यासात जुनाट खांदेदुखीवर तिचा चांगला गुण दिसला. मात्र सर्वच अभ्यास इतके अनुकूल नाहीत.

सुई वेदना घटवून हालचालीस वाट देते. पुढचे काम आपले. सासूबाई रोज भिंतीवर बोटे चालवीत हात वर नेत. काही महिन्यांनी हात मानेपर्यंत पोहोचला. अंबाडा अजून मीच घालते. फूल त्या स्वतः माळतात.

महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे; म्हणून उपचारकाची नोंदणी अवश्य विचारा. सुई दर वेळी नवी, निर्जंतुक असावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगा. खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठा.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपल्या माणसाचा हात सावकाश वर जात असता मदतीची घाई करू नका.