पाचवीच्या रात्रीचे मोजे

आमच्या पनवेल तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांत पोटातल्या बाळासाठी काही करून ठेवत नसत. झबलं नाही, टोपडं नाही, दुपटं नाही, पाळणा तर नाहीच. बाळ झाल्यावर त्याला पहिलं गुंडाळायचं तेही जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यात. पहिली झबली भावकीतल्या एखाद्या धडधाकट पोराची, वापरून झालेली. नवं कापड अंगाला लागायचं ते बारशाला. माहेरचा बाळंतविडा यायचा तोही तेव्हाच. त्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी असत आणि ज्यांना जमे त्यांच्याकडून लोकरीचे मोजे येत.

शहरातल्या बायकांना हे सांगितलं की त्या म्हणतात, ‘अंधश्रद्धा.’ असेलही. पण मला ती तेवढीच कधी वाटली नाही. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. म्हणजे आठांमागे एक. हा आकडा मी अंगणवाडीत लागल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचला. माझ्या आजीनं तो वाचलेला नव्हता. पण आळीतली घरं तिला एकेक करून मोजता येत होती.

माझ्या काकूचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी लहान होते. काकू माहेरी शिवण शिकून आली होती. तिनं कुणाचं न ऐकता दोन झबली शिवली, आणि जुन्या लुगड्यांची एक छोटी गोधडी हातानं टाके घालून केली. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. नंतर ती गोधडी खोलीत तशीच घडी घातलेली. काकू भात रांधायची, शेतावर जायची, पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून निजायची. एका रात्री मी उठले तर आजी कंदिलापाशी बसून ती गोधडी उसवत होती. एकेक टाका. सकाळी त्या चिंध्या घरातल्या बाकीच्या चिंध्यांत मिसळून गेल्या होत्या. काकूनं काही विचारलं नाही, आजीनं सांगितलं नाही. काकूचं दुसरं बाळ सातव्या महिन्यातच गेलं. त्या वेळी घरात उसवायला काही नव्हतं.

आजीचा नियम मला त्या रात्रीपासून कळला. तिला देवीच्या कोपापेक्षा त्या रिकाम्या कपड्यांची भीती होती.

मी चौथी गावात केली आणि पुढं पनवेलला शाळेत जाऊ लागले. बांधाबांधानं चालत रस्त्यापर्यंत यायचं, मग एस. टी. मिळाली तर मिळाली. शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा शिवण-विणकामाचा तास असे. आमच्या बाई वसईकडच्या. त्यांनी क्रोशाचं काम लहानपणी मठातल्या सिस्टरांकडे शिकलेलं. ‘क्रोशा’ हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ लहान आकडा, हे त्यांनीच सांगितलं. आयर्लंडात 1845 नंतर बटाट्याचं पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी याच आकड्यानं लेस विणून चुली पेटत्या ठेवल्या, हेही त्या सांगत. आपल्याकडे ही कला मिशनऱ्यांबरोबर आली. आंध्रातल्या नरसापूरच्या आसपास तर आजही गावंच्या गावं क्रोशाची लेस विणतात.

दोन सुयांच्या विणकामाला धीर लागतो. सुई निसटली की घरं सुटतात, आणि पोरं-जनावरं असलेल्या घरात ती कधीतरी सुटतातच. क्रोशात एका वेळी एकच घर सुईवर असतं. कुणी हाक मारली तर तेवढं घर जरा मोठं ओढून ठेवायचं आणि उठायचं. परत आल्यावर काम जिथं होतं तिथंच. शेतावरच्या बायकांना मला हेच काम सोयीचं वाटतं. आजी सुईला ‘आकरा’च म्हणायची.

मी सातवीत असताना काकूला तिसऱ्यांदा दिवस गेले. गावात तेव्हा पुरुषांचं सगळं बोलणं जमिनीचं. 1970 साली नव्या मुंबईसाठी जमिनी घ्यायची अधिसूचना निघाली होती, कुणाचं शिलोतर जाणार, कुणाचं राहणार याच्यावर ओट्याओट्यावर वाद चालत. बायका मात्र काकूच्या महिन्यांचा हिशेब मनातल्या मनात करत होत्या. बाईंनी वर्गात बाळाचे मोजे शिकवले होते. मी आजीला म्हटलं, काकूच्या बाळाला करते.

आजी म्हणाली, “आदी पोर हातान येव दे. मंग काय इनाचा त्ये इन.”

पोर पौषात आलं, 1973 च्या जानेवारीत. मुलगा. दिवस भरायला तीन-चार आठवडे असतानाच आला. वजन करायला काटा नव्हता. सुईण म्हणाली, कोंबडीएवढा आहे. पनवेलला थंडी नसते असं म्हणणाऱ्यांनी पौषात पहाटे खाडीकाठच्या कुडाच्या घरात निजून बघावं. वारा मिठागरावरून येतो तो सरळ आत. तिसऱ्या दिवशी आजीनं बाळाच्या तळव्यांना हात लावला आणि म्हणाली, “थंड हायत गो पाय.” पुढं कुणी काही बोललं नाही. मागचं बाळ तिसऱ्याच दिवशी गेलं होतं. आजीनं त्याला काकूच्या उघड्या छातीवर पालथं निजवलं, वरून लुगडं आणि घोंगडी. दोन दिवस काकूनं त्याला अंगावरून उतरवलं नाही.

पाचव्या रात्री पाचवी. पाटा-वरवंटा मांडून पूजा केली, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवली. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. ती येईपर्यंत घरानं जागायचं. बायका गाणी म्हणतात, चहा होतो, पुरुष बाहेर पत्ते खेळतात. मी पेंगायला लागले तशी आजीनं हलवलं.

“जागीच ऱ्हावाचा हाय ना? मंग हात कनाला रिकामा? आन तुजा आकरा.”

माझ्याकडे पनवेलच्या बाजारातून आणलेला पांढऱ्या लोकरीचा गोळा होता. आजीनं तो आपल्या मांडीवर घेतला आणि मला लागेल तसा धागा सोडत बसली. ज्यांना करून बघायचे असतील त्यांच्यासाठी मोजे कसे केले ते सांगते. आजही मी तसेच करते.

चारपदरी मऊ लोकर, तीन मिलिमीटरची सुई. बारा साखळ्या घालायच्या. सुईजवळच्या दोन सोडून तिसरीपासून प्रत्येक साखळीत अर्धा खांब. टोकाच्या साखळीत एकाच घरात सहा अर्धे खांब, म्हणजे काम आपोआप वळतं, आणि साखळीच्या दुसऱ्या अंगानं परत यायचं. आलं त्या टोकालाही पाच घालायचे. ही झाली लांबट गोल चकती. पुढच्या दोन फेऱ्यांत मधे सरळ विणायचं, फक्त दोन्ही टोकांच्या वळणावर एकेका घरात दोन-दोन. तळवा साडेतीन इंचांचा झाला की थांबायचं. नव्या बाळाचं पाऊल साधारण एवढंच असतं.

मग एक फेरी फक्त मागच्या धाग्यातून. तिच्यामुळे कड उभी राहते आणि तळवा वेगळा दिसतो. आणखी एक साधी फेरी. त्यानंतर बोटांकडचे बारा खांब दोन-दोन एकत्र गुंफून सहा करायचे, पुढच्या फेरीत त्या सहांचे तीन. इथं चपटी चकती एकदम पावलासारखी दिसायला लागते. त्या रात्री तसं झालं तेव्हा गाणी म्हणणाऱ्या बायका थांबल्या आणि तो अर्धा मोजा हातोहात फिरला. वर घोट्याशी एक खांब, एक साखळी, एक घर सोडून पुन्हा खांब, अशी जाळीची फेरी, नाडी ओवायला. वर दोन-तीन फेऱ्या साध्या. नाडी म्हणजे साठेक साखळ्यांची दोरी. गोंडे मी लावत नाही, बाळ ते तोंडात घालतं.

दुसरा मोजा संपला तेव्हा कोंबडा आरवला होता. आजीनं दोन्ही मोजे आपल्या गालाला लावून बघितले, आत बोट घालून फिरवलं, एक सुटा धागा सापडला तो दातानं तोडला. मग एका तळव्यात काळ्या दोऱ्याचा एक टाका घातला, दृष्टीचा. बाळाला मोजे तिनंच घातले. काकूनं त्या दिवशी पहिल्यांदा बाळाकडे सरळ बघितलं असं मला आठवतं. त्याआधी ती त्याला छातीशी धरायची, पण बघायची छपराकडे.

मोज्यांनी तो जगला असं मी म्हणणार नाही. आईच्या अंगाची ऊब, तिचं दूध आणि आजीचा अनुभव यांनी तो जगला. मोजे नंतर आले. पण ते आले तेव्हा घरातल्या माणसांना कळलं की आता याच्यासाठी काही केलं तरी चालेल.

तीन महिन्यांत मोजे त्याला लहान झाले. लोकर तशीच चांगली. मग ते त्याच्या चुलतबहिणीला गेले, तिथून शेजारच्या घरात, तिथून दुसऱ्या आळीत. धडधाकट झालेल्या पोराचे कपडे नव्या बाळाला आधी घालायचे, ही आमची रीतच होती. या मोज्यांचं तर नावच पडलं. कमी दिवसांचं बाळ झालं की बायका मागायला येत, “त्ये पाचवीचं मोजं देस का?” नऊ बाळांपर्यंतचा हिशेब माझ्याकडे आहे. त्यातलं एक गेलं. त्याच्या आईनं मोजे धुऊन, वाळवून परत आणून दिले. आजीनं ते ठेवून घेतले आणि पुढच्या बाळाला देताना तळवा बदलायला लावला.

पुढं मी अंगणवाडीत सेविका झाले. माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी, मालडुंग्याकडे ठाकूरवाड्या आहेत, तिकडं प्रशिक्षणाच्या निमित्तानं जाणं व्हायचं. एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी शिकवलं : बाळाच्या पोटाला आणि तळव्याला हात लावून बघा. दोन्ही गरम, तर बाळ बरं. पोट गरम आणि पाय थंड, तर बाळाला गारठा लागतोय, आईच्या अंगाशी घ्या. दोन्ही थंड, तर धोका आहे, ऊब देत ताबडतोब दवाखान्यात न्या. मला आजीचा हात आठवला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि बाळं वाचतात हे दाखवून दिलं. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तेव्हा जगानं ते मानलं. बाळाला उबेत ठेवणं हा त्या शिकवणुकीचा मोठा भाग होता. आता आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते आणि घरीच बाळंतपण झालं असेल तर सात वेळा.

विणणाऱ्या आयांना मी दोन गोष्टी कायम सांगत आले. मोज्याच्या आत सुटा धागा ठेवू नका. तो बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. रोज मोजे काढून बोटं बघा. आणि चैत्र-वैशाखात हौस म्हणून लोकर घालू नका, त्या दिवसांत सुती दोऱ्याचे करा.

आता आमचं गाव राहिलेलं नाही. विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यात तेही उठलं. आम्ही करंजाड्याकडे राहायला आलो. काकू गाव उठायच्या आधीच गेली. तिचा तो मुलगा पन्नाशी ओलांडून गेला, त्याचं पाऊल दहा नंबरच्या चपलेत मावत नाही. ते मोजे मात्र झिजून कधीच संपले.

माझ्या सुनेला सातवा महिना लागलाय. ती खारघरात वाढलेली, नोकरी करणारी पोर. ओटीभरणाच्या फोटोत ठेवायला तिला लोकरीचे मोजे हवे होते. तिनं मोबाइलवर चित्र दाखवून लाडानं मागितले, “आई, तुमच्या हातचे.” महाराष्ट्रात 2020 साली हजारामागे सोळा बाळं वर्षाच्या आत गेली. 129 कुठं आणि सोळा कुठं! तिनं भिऊन राहावं असे दिवस आता नाहीत, आणि ते तिच्या मनात भरवणं मला पटत नाही. पण सोळा म्हणजे शून्यही नव्हे.

मी तिला समोर बसवून काकूची गोष्ट सांगितली, गोधडीसकट. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग मलाच शिकवा ना.” फोटोत आम्ही लोकरीचा गोळा आणि सुई ठेवली, छान दिसली. आता संध्याकाळी ऑफिसातून आली की ती तळवा घालायला शिकते. वळणावर तिची घरं अजून चुकतात, मग आम्ही उसवतो आणि पुन्हा घालतो. हात बसेपर्यंत तेवढंच करायचं ठरलंय. मोजे पाचवीच्या रात्री होतील. ती बाळंतीण, तेव्हा सुई मीच धरीन आणि गोळा तिच्या आईच्या मांडीवर देईन. पंचवीस ग्रॅमचा आहे, जोडीला पुरतो.