सावकाश उजाडणारे गाव

स्वीडन देशाच्या अगदी दक्षिण टोकास, बाल्टिक समुद्राच्या काठी, इस्टाड नावाचे एक लहानसे शहर आहे. नावातील पहिल्या स्वराचा उच्चार तेथील लोक 'ई' आणि 'ऊ' यांच्या मधला कोठेतरी करतात. आपल्या मराठी जिभेला तो सहसा साधत नाही. वस्ती सुमारे २०,००० ची. १२६७ साली स्थापन झालेला एक मठ, मध्ययुगीन चर्च, लाकडी सांगाड्यात विटा भरून उभारलेली जुनी घरे, पोलंडकडे आणि बॉर्नहोम बेटाकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का, आणि गावापाठीमागे क्षितिजापर्यंत पसरलेली शेते. एवढ्या भांडवलावर एखाद्या गावाचे नाव जगभर व्हावे असे काही नाही. ते झाले ते अशा एका माणसामुळे, की जो कधी जन्मालाच आला नाही. त्याचे नाव कुर्ट वालांडर. व्यवसाय पोलीस तपास अधिकारी. राहणार मारियागाटान नावाच्या रस्त्यावर. हेनिंग मांकेल (१९४८-२०१५) या स्वीडिश कादंबरीकाराचा तो मानसपुत्र.

आमची कन्या व जामात नोकरीनिमित्त माल्मो शहरी असतात. गेल्या जानेवारीत आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता तेथून आगगाडीने, तासाभराच्या आत, इस्टाडला पोहोचलो. उत्तर युरोपातील हिवाळा म्हटला, की शुभ्र बर्फाची दुलई पांघरलेली भूमी आपल्या डोळ्यांपुढे येते. पण स्वीडनच्या या दक्षिण भागात बर्फ पडला तरी फार दिवस टिकत नाही. येथे हिवाळा म्हणजे समुद्रावरून येणारा, लोकरीच्या कपड्यांतूनही आरपार जाणारा वारा, भुरभुरणारा पाऊस, धुके आणि चिखल. सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. मधल्या वेळातही तो फारसा वर चढत नाही. आमच्या इंदूरच्या शाळेत प्रार्थना आटोपून पहिला तास रंगात येतो, त्या घटकेला येथे नुकते कोठे फटफटत असते. दिवस आला असे म्हणावे, तोवर तो जाण्याच्या तयारीत असतो.

अशा दिवसांत दुपारी चारनंतर माणसाने करावे काय? कन्येने त्याचे उत्तर तयार ठेवले होते. माल्मोतल्या आमच्या प्रत्येक सायंकाळी ती वालांडरच्या दूरचित्रवाणी मालिकेचा एकेक भाग लावी, आणि खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचत आम्ही तो पाहत असू. स्वीडनमध्ये या पात्रावर निरनिराळ्या नटांना घेऊन चित्रपट व मालिका झाल्या. पुढे २००८ ते २०१६ या काळात बीबीसीनेही केनेथ ब्रॅना या नामवंत नटाला घेऊन आपली मालिका इस्टाडमध्येच चित्रित केली. पहिल्या सायंकाळी आमच्या सौ.ने निकाल दिला, "अहो, यात काही घडतच नाही!" तिसऱ्या सायंकाळी मात्र चहाचे आधण ठेवायला उठताना, "मी येईपर्यंत पुढे नेऊ नका," अशी तिची ताकीद आली. या तीन दिवसांत काय घडले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

आमच्या पिढीची रहस्यकथेशी ओळख करून दिली ती बाबूराव अर्नाळकरांनी. झुंजार आणि काळापहाड यांची पुस्तके ग्रंथालयातून आणावीत आणि एका बैठकीत फडशा पाडून दुसऱ्या दिवशी बदलून घ्यावीत, असा तो काळ होता. तेथे वेग हाच कथेचा प्राण. त्या आनंदाचे ऋण आम्ही आजही मानतो. पण त्या वेगात मृत माणूस हे केवळ निमित्त असे. पहिल्या पानावर तो पडे, आणि पुन्हा त्याची आठवण कोणास येत नसे.

उत्तरेकडील या कथांची रीत उलटी आहे. तिचा पाया घातला तो माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडीने. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी मिळून दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीत कालव्यातील गाळ उपसताना एका तरुणीचे प्रेत सापडते, आणि ती कोण हे कळण्यासच काही महिने लागतात. पत्रे पाठवायची, उत्तराची वाट पाहायची, पुन्हा पाठवायची. तपास म्हणजे बव्हंशी हेच. पुढे २००७ साली डेन्मार्कमध्ये एका शाळकरी मुलीच्या खुनावरची मालिका आली. तिचे भाग वीस, आणि प्रत्येक भागात नोव्हेंबरातील एकच दिवस. त्या वीस भागांत मुलीच्या आईबापांचे घर, स्वयंपाकघरातील टेबल, तिची रिकामी खोली, हे सारे आपण इतक्या वेळा पाहतो, की खुनी कोण यापेक्षा या घराचे आता काय होणार, हीच काळजी आपल्याला अधिक वाटू लागते. आमच्या मते या संथपणाचे पहिले कारण हेच. एक माणूस गेला आहे. त्याचा हिशेब अर्ध्या तासात मिटवणे हा त्याचा अपमान आहे, अशी या लेखकांची धारणा दिसते.

दुसरे कारण हवामानाचे. आमच्या माळव्यातील थंडी माणसाला घराबाहेर काढते. पौषातल्या रात्री दहा वाजता सराफ्यात गरम गराडूच्या कढईभोवती उभे राहिल्यावर थंडी हे सुखच वाटते, आणि गावात कोणाचे काय चालले आहे हे तेथेच कळते. इस्टाडची थंडी माणसाला आत ढकलते. रस्ते ओस, दारे बंद, पडद्यामागे दिव्यांचा मंद उजेड. येथे तपास करणाऱ्याला दारोदार जाऊन घंटा वाजवावी लागते. बूट बाहेर काढून आत जावे लागते. कॉफीचा पेला हाती घेऊन समोरचा बोलेपर्यंत गप्प बसावे लागते. या मालिकांत एवढी कॉफी का पितात, असे आम्ही कन्येला विचारले. ती म्हणाली, "बाबा, इथे कॉफीवाचून कोणी मनातलं बोलत नाही." थंडीमुळे कथा संथ होते आणि संथ झाल्यामुळे माणसे दिसू लागतात.

यातील तपासनीसही कोणी अजिंक्य वीर नव्हे. वालांडर घटस्फोटित आहे. मुलीशी त्याचे धड जमत नाही. खाण्यापिण्याचा ताळ नसल्याने त्याला मधुमेह होतो. रात्री एकटाच तो ऑपेराचे संगीत ऐकत बसतो. त्याचा वृद्ध पिता चित्रकार आहे. आयुष्यभर त्याने एकच निसर्गचित्र पुनःपुन्हा काढले, कधी त्यात एक रानकोंबडा घालून, कधी न घालता. मुलाने पोलिसात जाणे या पित्याला कधीच रुचले नाही, आणि त्याचे कारणही त्याने कधी सांगितले नाही. २००९ सालच्या शेवटच्या कादंबरीत वालांडरची स्वतःचीच स्मृती ढळू लागते. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या विस्मृतीतून सत्य उकरून काढले, त्याच्या वाट्याला हे यावे, यापरता करुण शेवट आम्हांस आठवत नाही.

परंतु संथपणाचे तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते वालांडरच्या पहिल्याच कादंबरीत आहे. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली; तिच्या नावाचा अर्थ 'बिनचेहऱ्याचे मारेकरी' असा होतो. जानेवारीतील एका रात्री इस्टाडजवळच्या एकाकी शेतघरात एका वृद्ध शेतकऱ्याचा निर्घृण खून होतो. त्याची पत्नी मरणाच्या दारी असते. हे प्रथम लक्षात येते ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या. रात्री जाग आली असता त्याला जाणवते, की शेजाऱ्यांची घोडी आज खिंकाळली नाही आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. रुग्णालयात प्राण सोडताना ती वृद्धा एकच शब्द उच्चारते, "परदेशी". हा शब्द पोलिसांकडून बाहेर फुटतो, आणि मग कोणालाही तपासाची गरज उरत नाही. निर्वासितांच्या छावणीवर आग चालून येते. एका निरपराध सोमाली माणसाचा गोळी घालून बळी घेतला जातो. लोकांना उत्तर लगेच हवे होते, आणि जवळात जवळ सापडणारे उत्तर म्हणजे बाहेरून आलेला माणूस. खरे मारेकरी कोण, हे आम्ही सांगणार नाही. एवढेच सांगतो, की ते उत्तर कोणत्याच पक्षाला सोयीचे नाही, आणि ते हाती येण्यास महिनोन्महिने जावे लागतात.

मांकेलचे वडील न्यायाधीश होते. उत्तरेकडील स्वेग या गावी न्यायालयाच्या वरच्याच मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड होते. खाली न्याय आणि वर घर, असे त्याचे बालपण गेले. मोठेपणी तो वर्षाचा बराच काळ आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये नाटके बसवीत राही. तेथून मायदेशी परतल्यावर येथे परक्यांविषयी वाढलेला द्वेष त्याला जाणवला, आणि त्यातून ही कादंबरी झाली. आपला देश सुरक्षित आहे, या स्वीडिश समजुतीला त्यापूर्वीच तडा गेला होता. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान ऊलोफ पाल्मे अंगरक्षकाविना, पत्नीसह, चित्रपट पाहून पायी घरी निघाले असता त्यांचा खून झाला. एकास शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. २०२० साली तपास बंद झाला, तरी तो गुन्हा न्यायालयात कोणावर कायमचा शाबीत झालेला नाही.

'परदेशी' हा शब्द ऐकताना आम्ही चपापलो, हे खरे. माळव्यात आपली मराठी घराणी अठराव्या शतकापासून नांदत आहेत. आमच्या आजोबांच्या लहानपणीही शेजारीपाजारी आम्हांस 'दक्षिणी'च म्हणत. त्यात द्वेष नव्हता, पण हे मुळचे येथले नव्हेत, ही जाणीव होतीच. आता आमची कन्या त्याहून दूरच्या देशी परकी झाली आहे. पहिल्या वर्षी तिच्या इमारतीत कितीतरी महिने कोणी तिच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. हिवाळ्यात तेथे घरोघर खिडकीत दिवा ठेवण्याची चाल आहे. हिला ती ठाऊक नव्हती. एका सायंकाळी समोरची वृद्ध बाई दारात उभी राहिली. हातात एक जुना दिवा. "तुमची खिडकी रोज अंधारी दिसते, सगळे ठीक आहे ना?" एवढेच तिने विचारले. त्या दिव्याच्या उजेडातच आम्ही या मालिका पाहिल्या.

इस्टाडला आम्ही एक रात्र मुक्काम केला तो सेंट मेरी चर्चच्या पहारेकऱ्यासाठी. कित्येक शतकांपासूनची ती रीत आहे. रात्री सव्वानऊपासून एक वाजेपर्यंत, दर पंधरा मिनिटांनी, मनोऱ्यावरील पहारेकरी चारी दिशांना शिंग फुंकतो. कोठे आग नाही, गाव सुखरूप आहे, असा त्याचा अर्थ. पूर्वी पहारेकरी झोपी गेल्यास त्याचे मस्तक उडवीत, असेही सांगतात. चौकात, बोचऱ्या वाऱ्यात, आम्ही चौघे वर पाहत उभे राहिलो. प्रथम एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, तो घोगरा स्वर छपरांवरून समुद्राकडे गेला. आमच्या लहानपणी गल्लीत काठी आपटत फिरणारा गुरखा आठवला. सौ. म्हणाली, "रोज कोणीतरी आपल्यासाठी जागं आहे, एवढं कळलं तरी झोप येते."

या कथांचे आकर्षण आम्हांस शेवटी येथेच सापडले. खुनाचे कुतूहल माणसाला पहिल्या भागापुरते धरून ठेवील. दहा भाग धरून ठेवते ती एका माणसाची दुसऱ्याविषयीची चिकाटी. थकलेला, भिजलेला, घरी कोणी वाट न पाहणारा एक अधिकारी, मेलेल्या अनोळखी माणसासाठी आणखी एक दार ठोठावतो. शहाण्या समाजाला इतका उसंतीचा न्याय परवडला पाहिजे, असे तो न बोलता सांगत असतो.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरीही अशी एखादी मालिका लागली, तर पहिल्या भागात काही घडत नाही म्हणून उठून जाऊ नये. आपल्याही गल्लीत आता मुले दूरदेशी गेलेली घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांत दोन म्हातारी माणसे लवकर दार लावून घेतात. खिडकी उघडी राहिली आहे, घोडी आज गप्प आहे, हे ज्याच्या ध्यानात येते, त्याच्यापासूनच तपासाला सुरुवात होते. अधिकारी मागाहून येतो.