गठ्ठा

आम्ही बेंबळीची माणसं. निवडणूक आली की मोहल्ल्यात गाड्या येतात, पुढारी सलाम करतात आणि आमच्या तोंडावरच म्हणतात, 'तुमची मतं गठ्ठ्यानं पडतात.' शेजारी भावकी, कारखाना, जात पाहून मत देतो. त्याला मात्र कुणी गठ्ठा म्हणत नाही. आम्हीही सोयाबीन पेरतो. भाव पडला की आम्हीही त्याच्यासोबत बुडतो.

खरी मेख मोजणीत आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त मतं घेणारा निवडून येतो. बाकीच्यांची मतं वाया. २०१४ साली भाजपला देशभरात ३१ टक्के मतं आणि २८२ जागा मिळाल्या. या पद्धतीत विखुरलेल्या समाजाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के होते. २०२४ला राज्यातून निवडून गेलेल्या ४८ खासदारांत एकही नाही.

त्यात पैसा. लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ९५ लाखांची मर्यादा. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. २०१८ला आलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ला घटनाबाह्य ठरवले. कुणी कुणाला किती दिलं, हे मतदाराला कळतच नव्हतं.

कारखानदारांचा गट आहे, ठेकेदारांचा आहे. आमचा कोणता? धर्मानं मोजलं तर आम्ही मूठभर. पाणी, भाव आणि शाळा यांनी मोजलं, तर शेजाऱ्यासह अख्खं गाव आमचा गट आहे. तो गठ्ठा मात्र अजून कुणी बांधला नाही. तो आपणच बांधायचा आहे.