डब्याचं श्रेय

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली इतकी कुटुंबं आहेत की भाजीवाल्याशीसुद्धा मराठीत घासाघीस चालते. माझी मावशी तिथलीच. साड्यांना स्टोन आणि लेस लावायचं काम ती घरी बसून करते, दिवसाचे सात-आठ तास मांडी घालून. वजन ७८ किलोवर गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा शेजारच्या बेन तिला सकाळच्या शेक-क्लबात घेऊन गेल्या. पावडर आणि 'फॅट बर्नर' गोळ्या मिळून महिन्याला साडेचार हजार. तीन महिन्यांत पाच किलो उतरले. सगळं घर म्हणालं, पावडरला मानलं बुवा!

मी तिला विचारलं, "आधी सकाळी काय खायचीस?" लोचो. (ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी : वाफवलेलं डाळीचं पीठ, वर तेल, बटर आणि मूठभर शेव. फार चांगला लागतो.) क्लब किती लांब? "दीड किलोमीटर. पायीच जाते, रोज रिक्षाला पैसे कोण देईल?" म्हणजे तेलकट नाश्ता गेला, तीन किलोमीटर चालणं आलं आणि नाव झालं डब्याचं.

गोळ्यांच्या बाटलीवर गार्सिनिया कंबोजिया लिहिलं होतं. आपल्या कोकमाचा हा भाऊबंद. अमेरिकेत १३५ वजनदार माणसांवर त्याची चाचणी झाली होती, निष्कर्ष १९९८ साली छापून आले. काहींना अर्क दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बारा आठवड्यांनी अर्कवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं आणि बिनऔषधवाल्यांचं ४.१. शास्त्रज्ञांच्या हिशेबात या फरकाला अर्थ नाही. पण उतरलं दोघांचंही, कारण दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा, भरपूर चोथ्याचा आहार सांगितला होता. मावशीच्या बाटलीवरही बारीक अक्षरात आहेच, 'योग्य आहार व व्यायामासोबत घ्यावे.'

खरं औषध समोर ठेवलं तरी चित्र फार बदलत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं होती. मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. आहार आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्याने ५८ टक्क्यांनी. हल्ली आलेली वजनाची इंजेक्शनं काम करतात, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं, क्लबात मिळणारी नव्हेत. उलट 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या गोळ्यांत सिब्युट्रामिन लपवलेलं अनेकदा सापडलंय. हृदयाला धोका म्हणून २०१० साली अमेरिका-युरोपच्या बाजारातून काढलेलं औषध आहे ते.

क्लबाने काहीच दिलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आठ-दहा बायका रोज सकाळी भेटतात, काट्यावर उभ्या राहतात, हसतात. घरात एकटीने स्टोन चिकटवत बसणाऱ्या बाईला सकाळी बाहेर पडायला कारण मिळालं. "आहार-व्यायाम करा" म्हणून मोकळे होणारे आपण हे कारण कुठून आणून देणार आहोत?

"मग पावडर बंद कर आणि चालणं चालू ठेव. एक महिना बघ," मी म्हटलं.

मावशी सुईत दोरा ओवत राहिली. "तसं नाही ना जमत. मी गल्लीतल्या दोघींना लावलंय. त्यांच्या डब्यावर मला कमिशन मिळतं." त्यांतल्या एकीला बीपी आहे, हेही तिनेच सांगितलं. तिच्या गोळ्यांत काय असेल, ते ना मावशीला ठाऊक ना बेनना.

नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. चहा झाल्यावर माझ्याकडे कागद सरकवला.

"ते १३५ माणसांचं सगळं लिही. गुजरातीत लिही हां, बेनला मराठी वाचता नाही येत."